तीन बांगड्या, सहा शंकरपाळे

आमच्या दुकानावर ‘कॉम्प्युटर डिझाईन’ अशी नवी पाटी लागून चार महिने झाले होते, आणि त्या चार महिन्यांत कॉम्प्युटरचं म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात पडलेलं निम्मं काम मी मागच्या खोलीत ब्लेडने कापलेलं होतं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. अफझलगंजात, मोठ्या लायब्ररीच्या मागच्या गल्लीत एकनाथरावांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, मिठाईचे डबे, कापडी पिशव्या, स्टिकर. मी तिथे पंधरा वर्षं फिल्म कापत होते. फिल्म कापणं म्हणजे काय ते एकदाच सांगून टाकते. चित्रात जितके रंग, तितक्या फिल्म. लाल रंगाच्या फिल्मवर जिथे लाल पडायचा तेवढाच भाग कापून सोलायचा, हिरव्याच्या फिल्मवर हिरव्याचा. मग आमचा छपाईवाला अंबाजी ती जाळीवर चढवून रंग ओढायचा. दोन रंग शेजारी आले की मधे पांढरी फट दिसू नये म्हणून गडद रंग फिकट रंगावर केसभर चढवायचा. हा केस मला कोणी शिकवला नाही. दोनशे पत्रिका वाया घालवून मी तो शिकले, आणि त्या दोनशे पत्रिकांबद्दल एकनाथराव जे बोलले ते मला अजून पाठ आहे.

मग कॉम्प्युटर आला. पुढच्या बाजूला काचेची केबिन केली, त्यात एसी लावला, आणि एकनाथरावांचा धाकटा मुलगा कुलदीप अमीरपेटला सहा महिन्यांचा कोर्स करून त्यात बसला. चपला बाहेर काढायच्या. रंगाचे हात घेऊन आत यायचं नाही. रंगाचे हात म्हणून माझा पाण्याचा पेलाही आधीपासून वेगळा होता. रंगाचे हात अंबाजीचेही होते, माझ्यापेक्षा जास्त; त्याचा पेला वेगळा नव्हता. मी विचारलं नाही. काही उत्तरं माहीत असतात.

कुलदीप पोरगा वाईट नव्हता. अर्ध्या चड्डीत असल्यापासून मी त्याला पाहत होते. अक्षरं तो झटपट जुळवायचा, वेलबुट्टी काढायचा, गोल काढायचा. अडायचा एकाच ठिकाणी. एक आकार दुसऱ्यावर चढला की पडद्यावर त्याचं भांडण सुरू व्हायचं. दोन आकार एकत्र जोडले तर जिथे ते एकमेकांवर येतात तिथे रंगच जायचा, भोक पडायचं. न जोडता ठेवले तर एक पूर्ण वर आणि दुसरा पूर्ण खाली. मोराच्या पिसाऱ्यात, गुंफलेल्या वेलीत असं चालत नाही. मग तो मागे यायचा.

“मावशी, एवढं जरा...”

“कॉम्प्युटरला झोप लागली का, कुलदीपराव?”

“मावशी, प्लीज. पप्पांना नका सांगू.”

पप्पांना माहीत होतं. पप्पांनीच सांगितलं होतं त्याला. गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरचं पाहिजे होतं. हाताचं म्हटलं की तोंड वाकडं व्हायचं. तेव्हा साऱ्या शहराला तेच झालं होतं. केस कापणाऱ्यानेसुद्धा ‘कॉम्प्युटर कटिंग’ लिहिलं होतं, आता त्यात तो काय करणार होता देव जाणे.

मला त्या खुर्चीवर बसायचं होतं. हे मी सरळ सांगते, कारण त्या वेळी मी कोणाला सांगितलं नव्हतं. एकदाच कुलदीपला म्हटलं, पाच मिनिटं बसून बघू का. तो म्हणाला, पप्पा रागावतील. त्याच्या टेबलावर चित्रं काढायच्या प्रोग्रामचं जाडजूड पुस्तक होतं, ते त्याने कधी उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. एका शनिवारी ते मागून घेतलं.

“मावशी, ते इंग्लिश आहे.”

“असू दे. चित्रं तर मराठीत असतील.”

आम्ही मलकपेठला दोन खोल्यांत राहायचो. उत्तमराव, माझे मिस्टर, सिकंदराबादला रेल्वेत. मुलगी माधवी इंटरला, कॉलेजात. तिचं इंग्रजी चांगलं, तेलुगू त्याहून चांगलं, मराठी वाचायला दिलं की बोट ठेवून अडखळत जायची. आजीचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायची. तर तिने इंग्रजी वाचायचं आणि मी ते माझ्या मराठीत लावून घ्यायचं, असं आमचं दोन महिने चाललं. पतंगाचा कागद आणला. वाटीच्या कडेने लाल गोल कापला, एक हिरवा कापला, एकावर एक ठेवले. मधे तिसरा रंग दिसला. माधवी पुस्तकातून वाचायची, “सिलेक्ट बोथ, देन इंटरसेक्ट,” आणि मी कात्रीने तो मधला भाग वेगळा कापायची. माउस म्हणून साबणाची वडी होती. ती इतकी सरकवली की त्या महिन्यात कपड्यांना नवी आणावी लागली. माधवी हसून हसून लोळायची. “मम्मी, क्लिक कर ना क्लिक!” मी साबणावर टिचकी मारायची.

पण खरा माउस मी हातात धरला नव्हता.

त्याच सुमाराला आमचं जुनं गिऱ्हाईक मस्तानभाई आले. लाखेच्या बांगड्यांचं त्यांचं जुनं घराणं. तीन भाऊ, तीन वेगळी दुकानं, दहा वर्षं तोंड न बघणारे. आता आईने शपथ घातली म्हणून तिघं एक मोठं दुकान काढत होते. त्याची खूण पाहिजे होती, कार्डावर, पिशवीवर आणि डब्यावर. त्यांनी रुमाल सोडून टेबलावर तीन बांगड्या ठेवल्या. लाल, हिरवी, पिवळी. लाख गरम असताना एकमेकींत ओवून जोडलेल्या. एक उचलली की तिन्ही उचलल्या जात.

“देखो सेठ,” मस्तानभाई म्हणाले, “लाल बड़े भाय की, हरी मेरी, पीली छोटे की. अम्मा खुद बनाए सो. जैसे के वैसे होना. एक के ऊपर एक नक्को. कोई ऊपर बैठा तो जुम्मे को दुकान खुलने के पैले ही बंद हो जाती.”

“हो जाएगा,” एकनाथराव म्हणाले.

“हाथ का नक्को, हां. कम्प्यूटर का होना. छोटी-बड़ी साइज में फरक आ जाता हाथ में.”

“कम्प्यूटर का ही है,” एकनाथराव म्हणाले, आणि काचेच्या केबिनकडे असा हात केला जसा काही आत वाघ बसवलाय.

सोमवारी कुलदीपने पहिला कागद दाखवला. तिन्ही बांगड्या जोडल्या होत्या, आणि जिथे जिथे एकीवरून दुसरी जात होती तिथे पांढरं भोक. मस्तानभाईंनी कागद उजेडात धरला. “ये क्या, उंदीर खाया क्या?” मंगळवारी दुसरा कागद. भोकं गेली, पण पिवळी सगळ्यांच्या वर. मस्तानभाईंनी तोही उजेडात धरला. मग म्हणाले, “छोटे को सबके ऊपर बिठा दिए? बड़े भाय देखे तो मेरेकू मार डालते.” उद्या सकाळी शेवटचं येतो, नाही तर दुसरीकडे देतो, असं सांगून ते गेले.

दुपारी एकनाथराव स्वतः मागच्या खोलीत आले. असं वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं. हातात तो रुमाल.

“पंचफुलाबाई, हे तुम्हीच कापा. तीन साइज, तीन रंग. नऊ फिल्म होतील. सकाळपर्यंत होतंय ना?”

व्हायला काय, झालं असतं. मी बांगड्या हातात घेऊन फिरवून पाहिल्या. दोन बांगड्या दोन ठिकाणी एकमेकींवरून जातात. त्या प्रत्येक जागी शंकरपाळ्यासारखा छोटा तुकडा होतो. तीन बांगड्या म्हणजे सहा शंकरपाळे. फिल्म कापताना त्यांना वर-खाली नसतंच. फिल्म सपाट. हा तुकडा लालचा, तो हिरव्याचा, एवढंच ठरवायचं. बाकी सगळे शेजारी. पंधरा वर्षं मी तेच ठरवत आले होते.

“कापणार नाही,” मी म्हटलं.

एकनाथरावांना वाटलं बरं नाही. “ताप आहे का?”

“ताप नाही. कॉम्प्युटरचं काम आहे, तर कॉम्प्युटरवर करते. मला त्या खुर्चीवर बसू द्या.”

“अहो, तो शिकलेला पोरगा आहे, त्याला जमेना.”

“म्हणून तर.”

“पंचफुलाबाई, तुम्ही कामाच्या बाई आहात म्हणून मी इतकी वर्षं...” त्यांनी रिकामा रुमाल झटकला. “उद्या ते मशीन बिघडलं तर?”

“चार महिने माझं काम त्या मशीनच्या नावावर जातंय. तेव्हा ते बिघडलं नाही.”

अंबाजीने रंग ढवळणं थांबवलं. एकनाथरावांचा चेहरा उतरला, मग चढला. “हे कापायचं नसेल तर उद्यापासून घरीच बसा,” ते म्हणाले.

मी ब्लेड कागदात गुंडाळून खिडकीत ठेवलं आणि पिशवी उचलली.  अंबाजीकडे न बघता बाहेर पडले.

घरी उत्तमराव जेवायला बसले तेव्हा सांगितलं. ते जेवताना फार बोलत नाहीत.

“नेमकं काय मागितलंस?”

“खुर्ची.”

“मिळेल?”

“घरी बसा म्हणाले.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, खाल्ला. “मग उद्या डबा लागेल का नाही?”

“लागेल.”

“बरं,” ते म्हणाले आणि माधवीला म्हणाले, “मम्मीला ते पान परत वाचून दाखव.”

कामावरून काढलेलं माणूस दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर जात नाही. मी गेले. धुतलेल्या हातांनी, नखांतला रंगसुद्धा रॉकेलने काढून. पोचले तेव्हा मस्तानभाई आधीच आले होते आणि कुलदीपचा तिसरा कागद त्यांच्या हातात होता. कुलदीपने एक युक्ती केली होती. जिथे लाल वर पाहिजे तिथे माउसने हाताने लाल ठिगळ काढून चिकटवलं होतं. कार्डाच्या आकारात ते खपलं असतं. पिशवीच्या आकारात त्याच्या कडा बांगडीच्या बाहेर आल्या होत्या.

“ये पट्टी कैकू बांधे बांगडी कू? टूट गई क्या?” मस्तानभाई विचारत होते.

“शाम तक हो जाएगा,” एकनाथराव म्हणत होते, आणि तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. त्यांना वाटलं मी फिल्म कापायला आले.

“मस्तानभाई,” मी म्हटलं, “पिछले महीने तुम मोर की थैली छपवाए थे ना? वो कम्प्यूटर की नई थी. मेरे हाथ की थी.”

मस्तानभाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

“मेरेकू तो कम्प्यूटर की बोल के दिए,” मस्तानभाई म्हणाले.

“हौ. ऐसेच बोल के देते.”

“पंचफुलाबाई!” एकनाथराव दात आवळून मराठीत म्हणाले. “गिऱ्हाइकासमोर अब्रू घालवताय माझी?”

“माझं काम तुम्ही झाकून ठेवलंत, तेवढंच उघडं केलं.” मग परत मस्तानभाईंना: “ये भी मैं करती. पन हाथ से नई. उस पे बैठ के. आधा घंटा दो.”

मस्तानभाईंनी माझ्याकडे पाहिलं, एकनाथरावांकडे पाहिलं, आणि स्टूल ओढून बसले. “मोर तो अच्छा था,” ते म्हणाले. “बैठने दो ना सेठ. आधा घंटा तो मैं चाय में निकाल देता.”

मी चपला काढल्या आणि आत गेले. कुलदीप खुर्चीतून आपणच उठला.

माउस साबणासारखा नव्हता. साबण ओढला तिथे राहतो. हे यंत्र मी इथे न्यायला जावं तर पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळायचा, टेबलाची कड यायची आणि बाण अर्ध्यातच. “उचलून परत ठेवा, मावशी,” कुलदीप हळूच म्हणाला. उचलून ठेवला. गोल काढला, तो अंडं झाला. पुसला. परत काढला. एसीत मला घाम आला होता.

बांगडी म्हणजे मोठ्या गोलात छोटा गोल आणि दोन्ही जोडलेले. मधे भोक पडतं, इथे ते भोकच पाहिजे असतं. अशा तीन केल्या. लाल सगळ्यांत खाली, तिच्यावर हिरवी, हिरवीवर पिवळी. कुलदीपचा कालचा कागद तयार झाला. छोटे सगळ्यांच्या वर. मागून एकनाथराव म्हणाले, “हे तर झालंच होतं.”

मी लाल आणि हिरवी दोन्ही धरल्या आणि इंटरसेक्ट केलं. बांगड्या होत्या तशाच राहिल्या आणि त्यांच्या वर दोन इवले शंकरपाळे वेगळे निघून बसले, अगदी कडेला कड. हाताने इतके नेमके मी जन्मात कापले नसते, हेही सांगायला हवं. एकाला लाल रंग दिला. दोन्ही लाल झाले.

मस्तानभाई काचेला नाक लावून उभे होते. “अब बड़े भाय ऊपर बैठ गए,” त्यांनी बाहेरून जाहीर केलं.

“झालं समाधान?” एकनाथराव म्हणाले. “उठा आता.”

मी पडद्याकडे पाहत राहिले. पुस्तकाचं ते पान मला डोळ्यांसमोर दिसत होतं, डाव्या बाजूला दोन गोल, खाली चौकट. चौकटीतलं काही आठवत नव्हतं. माधवीचा आवाज आठवत होता, शब्द नाहीत.  

“मावशी,” कुलदीप वाकून म्हणाला, इतक्या हळू की बाहेर ऐकू जाऊ नये, “ते दोन दिसतात, पण अजून एकच आहेत. ब्रेक अपार्ट करा आधी.”

त्याने हे सांगायची गरज नव्हती. मी उठले असते तर खुर्ची त्याचीच होती.

ब्रेक अपार्ट केलं. दोन झाले. एक लाल ठेवला, दुसरा पुसून टाकला. त्याच्याखाली हिरवी होतीच. आता लाल एका ठिकाणी हिरवीच्या वर होती आणि दुसऱ्या ठिकाणी खाली. मग हिरवी आणि पिवळी. एक शंकरपाळा हिरवा केला. मग पिवळी आणि लाल. एक लाल केला. सहांतले तीन बदलले, तीन होते तसे राहिले. बांगड्या एकमेकींत ओवल्या गेल्या.

कुलदीपने छापायला हात पुढे केला. “थांब,” मी म्हटलं. “तुकडा आपल्याच बांगडीला जिथे चिकटतो तिथे छपाईत पांढरी रेघ येईल. त्याच्या कडेला त्याच्याच रंगाची केसभर रेघ दे.”

“स्क्रीनवर तर दिसत नाहीये.”

“स्क्रीनवर दिसणार नाही. अंबाजीने ओढल्यावर दिसेल.”

त्याने रेघ कुठून द्यायची ते दाखवलं, मी दिली. कार्डाच्या, डब्याच्या, पिशवीच्या आकारात तीन कागद निघाले. मस्तानभाईंनी सगळ्यांत मोठा घेतला, शेजारी आईच्या बांगड्या ठेवल्या आणि बोट फिरवायला लागले.

“लाल ऊपर आई... नीचे गई. हरी... ऊपर... नीचे. पीली...” बोट परत लालवर आलं. परत सुरुवात केली. उलट्या बाजूने केली.  “सेठ,” ते शेवटी म्हणाले, “इसमें ऊपर कौन है?”

एकनाथराव कागदाकडे बघत राहिले. त्यांनाही शोधून सापडत नव्हतं.

“कोईच नई,” मस्तानभाई म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. “छापो. और अम्मा,” हे मला, “नाम क्या तुम्हारा?”

“पंचफुला.”

“छपने के बाद पैला कार्ड तुमकू भेजता मैं. दुकान में आना.”

ते गेल्यावर एकनाथरावांनी घसा साफ केला. “बरं झालं. निभलं एकदाचं. आता उठा, मागे डब्याच्या दोन फिल्म पडल्यात.”

“पडू द्या.”

“काल मी काय सांगितलं होतं तुम्हाला?”

“ऐकलं होतं मी. पटलं नाही.”

ते कुलदीपकडे वळले, आता हा काहीतरी बोलेल म्हणून. कुलदीप मस्तानभाईंचं स्टूल उचलून आत घेऊन आला, माझ्या बाजूला ठेवलं आणि त्यावर बसला. “पप्पा, मोरवाल्या साडीच्या दुकानाचं काम आहे पुढचं,” तो म्हणाला. “दोन मोर, माना गुंफलेल्या. मला नाही येत ते.”

एकनाथराव दारात उभे राहिले. त्यांची थंड हवा बाहेर चालली होती, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही. मला त्यांचं थोडं वाईटही वाटलं. पाटी लावली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते, आम्हालाही.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “आज संध्याकाळपर्यंत बसा.”

“संध्याकाळी घरी जाईन,” मी म्हटलं. “उद्या सकाळी इथेच येऊन बसेन. मागे फिल्म कापायला दुसरं कोणी बघा. मी शिकवीन त्याला.”

 एकनाथराव अंबाजीने पिवळा रंग कालवला का ते बघायला मागे गेले. मी माउस उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि पहिल्या मोराची मान काढायला घेतली.